गरम पाण्याच्या कुंडावर जाताना

थंडी पडू लागली की सहलींचे बेत सुरू होतात. तरुण मंडळ, महिला मंडळ, शाळेचे वर्ग, सगळीकडे एकच चर्चा: यंदा कुठे जायचे? अशा वेळी कुणीतरी हमखास गरम पाण्याच्या झऱ्याचे नाव काढते. मग घरातली वडीलधारी मंडळीही यादीत नाव घालतात. आजोबांचे गुडघे मोकळे होतील, मावशीची खाज जाईल, धाकट्याच्या पाठीवरचा डाग नाहीसा होईल, अशी प्रत्येकाची काही ना काही आशा असते.

या आशेतला काही भाग खरा आहे, काही भाग खोटा आहे, आणि थोडा भाग धोक्याचा आहे. तो कोणता, हे आधी कळले तर सहल सुखाची होते. म्हणून हे पाणी कोठे मिळते, ते तापते कसे, भोवतालच्या रानाचा त्यात काय वाटा आहे, आणि आपल्या अंगाला त्याचा उपयोग किती, हे आम्ही या पानावर क्रमाने सांगत आहोत.

नावातच ऊन

आपल्या आया-आज्या अजूनही 'ऊन पाणी' म्हणतात. आंघोळीला ऊन पाणी, पेजेला ऊन पाणी. हे 'ऊन' म्हणजे संस्कृतातले 'उष्ण'. जुन्या मराठीत गरम पाण्याच्या झऱ्यालाच 'उन्हाळे' असे नाव होते. कोकणच्या नकाशावर ते आजही वाचता येते. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे आहे, दापोली-खेडच्या बाजूला उन्हवरे आहे, आणि राजापूरजवळ तर गावाचेच नाव उन्हाळे आहे. खानदेशातील उनपदेव, नांदेड जिल्ह्यात पैनगंगेकाठचे उनकेश्वर, गुजरातेत वांसद्याजवळचे उनाई, ही नावेही याच घराण्यातली दिसतात. गावाच्या नावात 'उन' आढळले, तर तेथे एखादे कुंड आहे का हे जरूर विचारावे.

कोकणातील झऱ्यांची एक रांगच आहे. उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेर, सातिवली येथून ती सुरू होते. पुढे तानसा नदीकाठी अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी. मग उन्हेरे, महाडजवळील सव, उन्हवरे. त्यानंतर आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या पट्ट्यात, दोघांना समांतर, सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीची ही रांग आहे. १८८० साली छापलेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरातही तिची नोंद आढळते.

गोव्याकडून येणाऱ्यांना तुरळ, राजवाडी आणि आरवली ही तीन ठिकाणे सोयीची आहेत. मुंबई-गोवा रस्त्याने राजापूर, हातखंबा, संगमेश्वर असे वर आले की थोड्या थोड्या अंतराने ती लागतात. कोकण रेल्वेची संगमेश्वर रोड व आरवली रोड ही स्थानके जवळ आहेत. बेळगाव-कोल्हापूरकडील मंडळींनी आंबा घाट उतरून साखरपा, देवरुखमार्गे संगमेश्वर गाठावे. बडोद्याच्या वाचकांना गोध्र्याच्या बाजूचे टुवा आणि दक्षिणेकडील उनाई जवळ. इंदूरकरांना सातपुड्यातील उनपदेव, किंवा पिपरियाच्या बाजूची अनहोनी. हैदराबादकरांना उनकेश्वर, किंवा गोदावरीच्या खोऱ्यात मनुगुरूच्या बाजूचे झरे. गोव्यात केसरवाळच्या झरीवर लोक अंगाला गुण येतो म्हणून जातात, पण ती झरी गरम पाण्याची नव्हे.

पाणी तापते कसे?

पुष्कळांना वाटते की खाली ज्वालामुखी धुमसत असेल, किंवा गंधकाची खाण जळत असेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसाचा आहे हे खरे, पण तो रस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. त्याची ऊब आज उरलेली नाही.

खरे कारण साधे आहे. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. डोंगरावर पडलेल्या पावसाचे काही पाणी खडकाच्या भेगांतून खाली खाली झिरपत जाते. एक-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही खोल उतरले की ते चांगले तापते. कोकणच्या झऱ्यांचे पाणी खाली असताना शंभर अंशांच्याही पुढे गेलेले असावे, असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तापलेले पाणी हलके होते. वरच्या थंड पाण्याचा दाब त्याला पुढे ढकलतो, आणि मोठी भेग सापडली की ते झपाट्याने वर येते. वाटेत ते थोडे निवते, उथळ थराचे थंड पाणी त्यात मिसळते, आणि जे उरते ते आपल्या कुंडात बुडबुडत येते. झरे एका रांगेत का आहेत याचेही उत्तर येथेच मिळते. जमिनीतील मोठ्या भेगा त्या रेषेत आहेत.

म्हणून जवळजवळच्या झऱ्यांचे पाणीही सारखे गरम नसते. आरवलीचे पाणी सुमारे ४० अंश, म्हणजे अंगाला सोसवेल असे. राजवाडीचे पन्नाशीच्या पुढे. तुरळचे साठीच्या आसपास. उन्हवऱ्याचे तर सत्तरच्या घरात. कोकणातील सर्वांत कडक पाणी तेच. 'गेल्या वर्षी आम्ही अमक्या कुंडात मजेत डुंबलो' म्हणून यंदा तमक्या कुंडात उडी मारणे किती घातक आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

पाण्याला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. त्याचे प्रमाण अगदी थोडे असले तरी नाकाला लगेच कळते. वास आला म्हणजे पाण्यात भरपूर गंधक आहे असे समजू नये. कोकणच्या बहुतेक झऱ्यांत गंधकापेक्षा साधी मिठेच अधिक असतात.

रानाचा वाटा

मूळ पाणी पावसाचेच आहे, हे एकदा समजले की झऱ्याभोवतीच्या झाडीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उघड्या कातळावर पडलेले पाणी तासाभरात ओढ्याला आणि दुसऱ्या दिवशी खाडीला मिळते. रानात मात्र ते आधी पानांवर पडते, मग पाचोळ्यावर, मग मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीत मुरते. त्याचा वेग कमी होतो आणि भेगेत शिरायला त्याला सवड मिळते.

येथे अतिशयोक्ती करायची नाही. गरम झऱ्याचे पाणी फार खोलवरून, कित्येक दशकांचा किंवा त्याहून मोठा प्रवास करून येते, आणि ते दूरच्या डोंगरावर पडलेलेही असू शकते. त्यामुळे आज झाडे तोडली म्हणून उद्या कुंड थंड पडेल असे नाही. आधी आटतात ते आसपासचे थंड झरे आणि पऱ्हे, मग विहिरी. उतारावरची माती धुपून कुंडात आणि ओढ्यात गाळ साचतो. गरम झरा शेवटपर्यंत वाहत राहील, पण गावाला प्यायला पाणी राहणार नाही, अशी वेळ येऊ शकते. शेतकऱ्याच्या दृष्टीने कुंडाभोवतीचे रान राखायचे ते यासाठी.

हे रान देशी आहे, म्हणजे तेथे आपोआप वाढलेले आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, सातवीण, उंबर, करंज, अंजनी. खाली झुडपे, वेली, नेचे. कुंडाशेजारी बहुधा देऊळ असते, आणि देवाच्या नावाने राखलेली झाडी, म्हणजे देवराई, कुऱ्हाडीपासून वाचलेली असते. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघा अभ्यासकांनी महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी केली. इतरत्र दुर्मिळ झालेली झाडे-वेली अशा ठिकाणी टिकून राहतात, आणि गावचा पाणवठाही पुष्कळदा तेथेच असतो, हे अशा अभ्यासातून पुढे आले. एका जातीच्या झाडांची लागवड, मग ती ऑस्ट्रेलियन बाभळीची असो की निलगिरीची, अशा थरावर थर असलेल्या रानाचे काम करू शकत नाही. दुरून दोन्ही हिरवे दिसते. पावसात उताराखाली उभे राहून पाणी गढूळ येते की निवळ, एवढे पाहिले तरी फरक समजतो.

कुंडाच्या काठावर हिरवा, पिवळा, तांबूस असा बुळबुळीत थर दिसतो. काही मंडळी तो घाण समजून खरवडतात, काही औषध म्हणून अंगाला फासतात. दोन्ही करू नये. हे गरम पाण्यात राहणारे सूक्ष्म जीव आहेत. अमेरिकेतील यलोस्टोन येथील गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक यांना असाच एक जीवाणू सापडला. १९६९ साली त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यातून मिळालेला एक पदार्थ उष्णतेने बिघडत नाही, आणि त्याच्या जोरावर पुढे जी तपासणी निघाली तीच २०२० साली कोरोनाच्या साथीत नाकातील स्राव घेऊन केली जात होती. एका झऱ्यातल्या शेवाळासारख्या थराचा उपयोग साऱ्या जगाला झाला. आपल्या कुंडांतले जीव तसेच राहू द्यावेत.

अंगाला काय फायदा?

अंगाला सोसवेल अशा गरम पाण्यात बसले की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. स्नायूंतला ताण उतरतो. पाणी शरीराचा भार उचलून धरते, त्यामुळे गुडघ्यावर व कमरेवर वजन पडत नाही आणि आखडलेला सांधा थोडा अधिक हलवता येतो. संधिवाताच्या रोग्यांना अशा स्नानाने काही काळ बरे वाटते, हे वैद्यकीय अभ्यासांतही दिसले आहे. शेतात वाकून लावणी केलेली पाठ, ओझे वाहून दुखणारे खांदे, यांना आराम पडतो. रात्री झोप छान लागते. हा फायदा खरा आहे, आणि तो घ्यावा.

पण आराम आणि इलाज यांत फरक आहे. झिजलेला सांधा गरम पाण्याने भरून येत नाही. खरूज ही कातडीत शिरणाऱ्या किड्याने होते. तिला डॉक्टरांनी दिलेले मलमच लागते आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते. गजकर्ण बुरशीने होते. असे रोग असताना सामाईक कुंडात उतरणे स्वतःलाही उपयोगी नाही आणि शेजाऱ्यालाही त्रासदायक. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांच्या गोळ्या 'आता झऱ्याचे पाणी घेतले' म्हणून बंद करणे तर सर्वांत वाईट.

ज्याला चटका कळत नाही

या लेखातले दुसरे काही ध्यानात राहिले नाही तरी एवढे राहू द्यावे.

गरम झऱ्यांच्या कथांत कुष्ठरोगाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. कुणा ऋषीचे किंवा राजाचे अंग या पाण्याने बरे झाले, अशी कथा आपण ऐकलेली असते. जेव्हा या रोगावर कुठलाच इलाज नव्हता तेव्हा दुःखी माणसे या कुंडांवर येत, आणि गाव जिथे हाकलून देत होते तिथे निदान ऊन पाणी मिळत होते. त्या काळी ते समजण्यासारखे होते. आज मात्र ही समजूत माणसाचे हात-पाय घालवते.

कुष्ठरोगाचा डाग फिकट किंवा लालसर असतो, आणि तेथे स्पर्श, चटका, टोचणे कमी कळते किंवा कळतच नाही. तेथे घाम येत नाही, लव झडते. घरच्या माणसांना वाटते, डागच तर आहे, कुंडावर नेऊ. त्यात दोन नुकसाने होतात. पहिले, ज्या जागेला चटका कळत नाही ती जागा कडक पाण्यात भाजते आणि रोग्याला पत्ताच लागत नाही. दुसरे, आणि अधिक मोठे, म्हणजे उपचाराचे महिने वाया जातात. मज्जातंतू एकदा निकामी झाला की बोटे वाकडी होतात, पायाला जखमा होतात, आणि हे मागे फिरत नाही.

इलाज हाताशी आहे. अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत १९८०च्या दशकापासून आपल्या देशात आहे. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग पुरता बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून इतरांना लागण होण्याचे थांबते. त्याला घराबाहेर ठेवण्याचे काही कारण नाही. कोड हा निराळा प्रकार. तो पांढराशुभ्र असतो, तेथे स्पर्श कळतो, आणि तो कुणाला लागत नाही. दोहोंतला फरक घरी ठरवत बसू नये. अंगावर न कळणारा डाग दिसला तर कुंडाची वाट धरण्याआधी आरोग्य केंद्राची धरावी.

मधुमेहाच्या रोग्यांनाही हीच सूचना. पुष्कळ वर्षे मधुमेह असला की तळपाय बधिर होतात. कुंडाच्या पायरीवर पाय ठेवला, पाणी 'कोमटच' वाटले, आणि घरी आल्यावर फोड दिसले, असे होऊ शकते. अशा फोडाची जखम होते, ती भरत नाही, आणि पुढे बोट किंवा पाय कापावा लागतो. बधिर पाय पाण्यात घालायचाच नाही, हा नियम ठेवावा.

किती गरम, किती वेळ?

स्नानाला ३८ ते ४० अंशांचे पाणी चांगले. ४२ अंशांच्या पुढच्या पाण्यात बसू नये. ६० अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत खोल भाजते, आणि ७० अंशांना तर पाय मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. मुलांची कातडी पातळ, त्यांना याहूनही लवकर भाजते. ताप पाहण्याचा थर्मामीटर येथे कामाचा नाही. त्याचे आकडे बेचाळीसच्या आसपास संपतात, आणि काचेचा असला तर तो फुटून काच व पारा कुंडात जातो. स्वयंपाकाचा किंवा दुधाचा थर्मामीटर असेल तर न्यावा. नसेल तर आधी हाताचे कोपर बुडवून पाहावे. कोपर दहा सेकंद आरामात राहत नसेल तर अंग घालू नये. कडक कुंड असेल तेथे बादलीत पाणी काढून, थंड पाणी मिसळून, तांब्याने अंगावर घ्यावे. गावकरी तेच करतात, आणि त्यातही पुरता आराम मिळतो.

दहा ते पंधरा मिनिटे पुरेत. उठताना एकदम उभे राहू नये. रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात, रक्त पायांकडे उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस दगडी पायरीवर कोसळतो. आधी काठावर बसावे, दोन मिनिटांनी उठावे, पाणी प्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे.

हृदयविकार असलेल्यांनी, नुकताच झटका येऊन गेलेल्यांनी आणि ताप असलेल्यांनी उतरू नये. उघडी जखम असणाऱ्यांनीही दूर राहावे. गरोदर बहिणींनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गरम कुंडात बसू नये. आईचे अंग फार तापले तर बाळाच्या मेंदूत व पाठीच्या कण्यात दोष राहण्याचा धोका वाढतो. तान्ह्या मुलांना कुंडात उतरवू नये. आणि दारू पिऊन तर कुणीच नाही. दारूने रक्तवाहिन्या आधीच सैल झालेल्या असतात, शुद्ध हरपली तर पाण्यातच बुडायचे. सहलीचा गट मोठा असेल तर दोन जबाबदार माणसे कोरडी, काठावर राहू द्यावीत.

नाक पाण्यावर ठेवा

कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा एक अतिसूक्ष्म जीव असू शकतो. तो सुमारे ४६ अंशांपर्यंत तग धरतो. पाणी पोटात गेले तर त्याच्यापासून अपाय होत नाही. पाणी जोराने नाकात गेले तर तो वाट काढून मेंदूपर्यंत पोचू शकतो. हा आजार फार क्वचित होतो, पण झाला तर बहुधा प्राणावर बेततो. २०२४ आणि २०२५ साली केरळात अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे अनेक रोगी आढळले, तेव्हा तळी व विहिरी स्वच्छ करण्याची मोहीम तेथे घ्यावी लागली.

घाबरून जाण्याचे कारण नाही. एक सवय लावली की पुरे. कुंडात डोके बुडवायचे नाही, उडी मारायची नाही, मुलांना एकमेकांवर पाणी उडवू द्यायचे नाही, तळाचा गाळ ढवळायचा नाही. स्नानानंतर दोन आठवड्यांच्या आत जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे असे काही झाले तर लगेच डॉक्टरांकडे जावे, आणि आपण गरम कुंडात उतरलो होतो हे आठवणीने सांगावे.

हे पाणी पिण्याचे नव्हे, पिकाचेही नव्हे

काही जण पोटाला चांगले म्हणून झऱ्याचे पाणी बाटलीत भरून नेतात. गरम पाणी खडकातली खनिजे जास्त विरघळवते. त्यात फ्लोराइडचे प्रमाण पुष्कळदा पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा, अधिक असते. एक पेला प्यायल्याने काही होत नाही. रोज प्यायल्याने मात्र मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. सांधे सुटावेत म्हणून घेतलेले पाणी सांधेच धरून ठेवते.

शेतीचेही तसेच. झऱ्याशेजारी जमीन असलेल्या शेतकऱ्याला बारमाही पाणी वाया जाताना पाहवत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण ते तसेच वाफ्यात सोडले तर मुळे होरपळतात. निववून दिले तरी त्यातल्या मिठाचा प्रश्न राहतो. सोडियम जास्त असेल तर भारी जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. नारळ थोडा खारेपणा सोसतो. भाताचे रोप व भाजीपाला सोसत नाही. म्हणून आधी पाण्याचा आणि मातीचा नमुना तपासून घ्यावा. कोकणातील शेतकऱ्यांना दापोलीचे कृषी विद्यापीठ जवळ आहे. १९७२ साली ते स्थापन झाले. कुंडाजवळ खोल बोअरवेल पाडण्याचा मोह मात्र आवरावा. वर येणाऱ्या पाण्याचा दाब एका भोकाने बदलू शकतो, आणि मग झराही कमी होतो व बोअरला खारे गरम पाणी लागते.

रानात वावरताना

कुंडापर्यंतची वाट झाडीतून असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद पादत्राणे घालावीत. पाचोळ्यात हात घालू नये, फांदीवर बसण्यापूर्वी नीट पाहावे. गोवा, सिंधुदुर्ग आणि बेळगावकडील वाचकांना माकडतापाची माहिती असेलच. हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, आणि पुढे आपल्या बाजूच्या रानांतही आला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात, म्हणजे नेमका सहलींच्या दिवसांत वाढतो. आपल्या बाजूच्या कोणत्याही रानात गेलात तरी घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागची जागा तपासावी. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. पावसाळ्यात वाट निसरडी असते, ओढे अचानक फुगतात. सहलीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे.

बहुतेक कुंडे देवळाच्या आवारात आहेत. आपण तेथे पाहुणे. चपला कोठे काढायच्या, स्त्रियांचे व पुरुषांचे कुंड कोणते, कोणते कुंड केवळ पूजेचे, हे गुरवाला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारून घ्यावे. साबण, शाम्पू, कपड्यांचा सोडा कुंडात नेऊ नये. ते पाणी पुढे ओढ्याला आणि कुणाच्या तरी शेताला जाते. अंडी-बटाटे उकडून टरफले तेथेच टाकण्याची जी रीत पडली आहे ती आपल्या गटाने मोडावी.

सहलीआधी मोठ्याने वाचून दाखवा

१. अंगावर न कळणारा डाग असेल तर आधी आरोग्य केंद्र.
२. चालू औषधे बंद करायची नाहीत.
३. कोपराने पाणी पाहिल्याशिवाय पाय घालायचा नाही.
४. बधिर पाय, हृदयविकार, ताप, उघडी जखम, गरोदरपण, तान्हे मूल: कुंडात उतरायचे नाही.
५. पंधरा मिनिटांवर बसायचे नाही, सावकाश उठायचे.
६. डोके व नाक पाण्यावर.
७. झऱ्याचे पाणी पिण्यासाठी नाही. पिण्याचे पाणी घरून न्यायचे.
८. झाड तोडायचे नाही, थर खरवडायचा नाही, कचरा परत आणायचा.

ज्या मंडळांना यंदा जायचे आहे त्यांनी ही यादी कागदावर उतरवून गाडीत बरोबर घ्यावी, आणि उतरण्यापूर्वी सर्वांना, विशेषतः मागच्या बाकावरच्या मुलांना, ऐकवावी. ऊन पाण्याचा आराम जरूर घ्या. गुडघा दुखायचा राहिला नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि डाग असेल तर जाण्याच्या आधीच दाखवा.